सारे सुरात चाललेले असताना

पंचांगातली ग्रहांची कोष्टके चाळली किंवा घरातली एखादी जुनी जन्मपत्रिका उघडली, तर गुरू, शुक्र, शनी यांच्या पंगतीत एक नाव हमखास दिसते : हर्षल. ऐकायला अगदी आपले वाटते. शेजारच्या बिऱ्हाडात या नावाचा मुलगाही असतो. पण पत्रिकेतल्या या ग्रहाचे नाव पुराणातून आलेले नाही. ते एका माणसाच्या आडनावावरून आले. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण याच ग्रहाला युरेनस म्हणायला शिकलो. तो शोधणाऱ्याचे नाव विल्यम हर्शेल, हेही परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो.

हा विल्यम हर्शेल पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. ग्रह सापडला त्या रात्री तो बेचाळीस वर्षांचा होता आणि संगीताच्या शिकवण्या, चर्चमधले ऑर्गनवादन आणि सार्वजनिक मैफलींचे संचालन यांवर त्याचे घर चालत होते. चालत होते म्हणजे उत्तम चालत होते. नोकरी गेली, धंदा बसला, वरिष्ठांशी बिनसले, म्हणून माणूस वाट बदलतो, ते कोणालाही समजते. विल्यमचे यातले काहीच झाले नव्हते. तरीही पुढच्या वर्षी त्याने संगीताचा पेशा सोडला, आणि तोही निम्म्या उत्पन्नावर. आपल्यापैकी बरेच जण आता आयुष्याच्या अशा वळणावर आहेत की गाडी रुळावर आहे, हप्ते फिटत आले आहेत, आणि तरी मनात काहीतरी वेगळे खुणावत असते. म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटली.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक हे लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. पैसा बेताचा, पण घर सुरांनी भरलेले. मुलांनी वाद्य हाती धरायचे आणि रात्री जेवणानंतर तत्त्वज्ञान, गणित, आकाशातले तारे यांवर वाद घालायचा, अशी त्या घराची रीत होती. चौदाव्या वर्षी विल्यम वडिलांच्याच बँडमध्ये दाखल झाला. १७५७ साली हास्टेनबेकच्या लढाईत हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला. फ्रेंच सैन्य शहरात आले आणि त्याच वर्षी एकोणीस वर्षांचा विल्यम थोरला भाऊ याकोब याच्यासोबत इंग्लंडला पोहोचला. लंडनमध्ये त्याने संगीताच्या वह्यांच्या नकला उतरवून दिवस काढले. याकोब दोन वर्षांनी परत गेला, विल्यम राहिला.

पुढची नऊ-दहा वर्षे चढणीची होती. उत्तर इंग्लंडमध्ये एका पलटणीच्या बँडला शिकवणे, घोड्यावरून गावोगाव जाऊन शिकवण्या करणे, लीड्स शहरात मैफलींचे संचालन, आणि मधल्या वेळात रचना. त्याच्या नावावर चोवीस सिंफनी आहेत. १७६६ च्या ऑगस्टमध्ये हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा त्याने स्पर्धेत जिंकली. आवाज भरदार यावा म्हणून त्याने ऑर्गनच्या पट्ट्यांवर शिशाची वजने ठेवली आणि दोन हातांनी चार हातांचे काम केले, असा किस्सा सांगतात. जागा मिळाली, गावाने उचलून धरले, आणि जेमतेम तीन महिन्यांत त्याने ती सोडली, कारण बाथहून बोलावणे आले होते.

बाथ हे त्या काळचे श्रीमंतांचे गाव. तिथे गरम पाण्याचे झरे. औषधपाण्याच्या निमित्ताने सरदार-उमराव यायचे आणि नाच, गाणे, पत्ते यांत हंगाम घालवायचे. तिथल्या नव्या ऑक्टॅगॉन चॅपेलचा ऑर्गनवादक म्हणून विल्यम आला आणि काही वर्षांत गावातल्या संगीतव्यवसायाचा एक खांबच झाला. हंगामात आठवड्याला पस्तीसपर्यंत शिकवण्या, रविवारी चॅपेल, संध्याकाळी मैफली. वर्षाचे उत्पन्न ४०० पौंडांच्या घरात गेले. परक्या देशात रिकाम्या हाताने आलेल्या बँडवाल्याच्या मुलाने पस्तिशीच्या आत एवढे मिळवले, याला आपल्याकडे बस्तान बसले म्हणतात.

याच सुमारास या गोष्टीतली दुसरी व्यक्ती पुढे येते. तिच्यावाचून ही गोष्ट अर्धी राहील. विल्यमची धाकटी बहीण कॅरोलिन १६ मार्च १७५० ची. लहानपणी तिला देवी आल्या, दहाव्या वर्षी टायफस झाला आणि तिची वाढ खुंटली. उंची राहिली चार फूट तीन इंच. हिचे लग्न होणार नाही, तेव्हा हिने घरातच राबावे, असे आईने ठरवून टाकले होते. लिहिण्या-वाचण्यापलीकडे शिकवणे आईला पसंत नव्हते. गाण्याची ओढ मात्र तिला होतीच. थोरला भाऊ घरी नसताना दातांत बोळा धरून ती व्हायोलिनचे तुकडे गळ्यातून काढण्याचा सराव करी. विल्यमने तिला गायिका करायचे ठरवले. १७७२ च्या ऑगस्टमध्ये तो स्वतः हॅनोव्हरला गेला, तिच्याऐवजी घरकामाला बाई ठेवता यावी म्हणून आईला दरसाल पैसे देण्याचे कबूल केले आणि बावीस वर्षांच्या बहिणीला बाथला घेऊन आला.

तिथे तिचा दिवस गच्च भरला. रोज गाण्याचे दोन-तीन धडे, इंग्रजी, हिशेब, बाजारहाट, नोकरांवर देखरेख. काही वर्षांत ती हँडेलच्या मोठ्या रचनांमध्ये मुख्य गायिका म्हणून उभी राहू लागली. तिला बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवाचे बोलावणे आले. तिने ते नाकारले, कारण भाऊ संचालन करत असेल तिथेच गायचे, असा तिचा निश्चय होता. हे बोलावणे लक्षात ठेवू या. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

विल्यमच्या डोक्यात आकाश शिरले ते पुस्तकांच्या वाटेने. सुरांचे गणित समजावे म्हणून त्याने केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट स्मिथ यांचा संगीतावरचा ग्रंथ वाचला होता. त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरचाही ग्रंथ होता. तो हाती घेतला, त्यात दुर्बिणी कशा करतात ते होते. मग १७७३ च्या मे महिन्यात जेम्स फर्ग्युसन यांचे खगोलावरचे पुस्तक विकत घेतले. दिवसभर शिकवण्या करून थकलेला हा माणूस रात्री एक भांडे दूध घेऊन अंथरुणात शिरे आणि झोप लागेपर्यंत ही पुस्तके वाचत राही. वाचून भागेना. जे लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, असे त्याने ठरवले.

भाड्याने आणलेल्या दुर्बिणीने समाधान झाले नाही, आणि मोठी दुर्बीण विकत घेणे आवाक्याबाहेरचे. बाथमधल्या एका गृहस्थाने आरसे घासण्याचा आपला छंद सोडला होता. त्याची हत्यारे, साचे, अर्धवट आरसे विल्यमने विकत घेतले आणि घराचा कारखाना झाला. त्या काळी परावर्ती दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू ओतायचा, घासून त्याला नेमका खोलगटपणा द्यायचा, मग झिलई करायची. बैठकीच्या खोलीत सुतार नळ्या आणि तिकाटण्या करू लागला, एका झोपायच्या खोलीत भाऊ अलेक्झांडरने लेथ बसवला. मैफलीच्या पोशाखातच विल्यम कामाला बसे आणि बाह्यांच्या झालरी डांबराने माखून घेई. झिलई करताना हात थांबला तर आरसा वाया जाई. एकदा तो सलग सोळा तास आरशावरून हात न उचलता बसला. कॅरोलिनने त्याला घास भरवले. एरवीही तो घासत बसला की ती अरबी सुरस कथा किंवा डॉन किहोते वाचून दाखवी. १ मार्च १७७४ रोजी त्याने निरीक्षणांची वही उघडली. पहिल्या नोंदी शनीच्या कड्यांच्या आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या होत्या.

तेव्हापासून आठ वर्षे दोन्ही कामे बरोबरीने चालली. नाटकगृहात वाजवताना मध्यंतर झाले की तो धावत घरी येऊन आकाश पाहून जाई. शिकवण्या सुटल्या नाहीत, चॅपेल सुटले नाही. १७८० मध्ये तर बाथच्या मैफलींच्या संचालकाची जागा त्याच्याकडे आली. गावातले जे काही मिळवण्यासारखे होते ते मिळाले होते.

१७७९ च्या डिसेंबरात एका रात्री चंद्र घरासमोर आला होता, मागच्या बागेतून दिसत नव्हता. म्हणून विल्यम दुर्बीण घेऊन रस्त्यावर उभा राहिला. वाटेने जाणाऱ्या एका गृहस्थाने पाहू का म्हणून विचारले, पाहिले आणि थक्क झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आभार मानायला तो दारात हजर. हे डॉ. विल्यम वॉटसन, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद. त्यांनी हर्शेलला बाथच्या विद्वानांच्या मंडळात नेले आणि त्याचे निबंध लंडनपर्यंत पोहोचवले. रस्त्यावरच्या त्या पाच मिनिटांनी एका हौशी माणसाला जाणकारांचे दार उघडून दिले.

१३ मार्च १७८१. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घरामागच्या बागेत विल्यम आपल्या सात फुटी दुर्बिणीतून वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेवरचे तारे तपासत होता. जुळे तारे हुडकण्यासाठी तो ओळीने, एकही न वगळता, आकाश चाळत होता. त्यात एक तारा इतरांहून मोठा दिसला. त्याने जास्त शक्तीची भिंगे लावली, तसतशी त्याची चकती वाढत गेली. तारे असे वाढत नाहीत. चार रात्रींनी पाहिले तर तो जागेवरून सरकलेला. त्याला वाटले धूमकेतू आहे, आणि तसेच त्याने कळवले. युरोपातल्या गणितज्ञांनी कक्षा मांडल्यावर उलगडले की हा शनीच्याही पलीकडचा ग्रह आहे, सूर्यापासून शनीच्या सुमारे दुप्पट अंतरावरचा. आदिकाळापासून माणसाला ठाऊक असलेली सूर्यमाला एका रात्रीत दुप्पट रुंद झाली.

हा योगायोग होता का? याच ग्रहाला आधी अनेकांनी पाहिले होते. इंग्लंडचे राजखगोलज्ञ फ्लॅमस्टीड यांनी १६९० साली त्याची तारा म्हणून नोंदही केली होती. पाहिला सगळ्यांनी, ओळखला एकाने, कारण तारा आणि चकती यांतला फरक दाखवील असा आरसा त्याने स्वतःच्या हाताने घासला होता, आणि तो फरक टिपणारा डोळाही घडवला होता. पाहणे ही वाद्यासारखीच रियाजाने येणारी कला आहे, अशी त्याची धारणा होती.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले, पाठोपाठ सभासदत्वही. पण घरात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. शोधानंतरच्या त्याच उन्हाळ्यात तो तळघरात तीन फूट रुंदीचा आरसा ओतायला निघाला होता. साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळायची होती, ती मुख्यतः कॅरोलिनने कुटली. एका खेपेला पाचशे पौंडांहून जास्त वजनाचा वितळलेला धातू गळून फरशीवर पसरला. उष्णतेने फरशीचे दगड फुटून छतापर्यंत उडू लागले आणि सगळे जिवाच्या आकांताने दारांतून बाहेर पळाले. दमलेला विल्यम विटांच्या ढिगावर कोसळला. संगीताचा हंगाम जवळ आला होता आणि शिष्य वाट पाहणार होते.

निर्णयाची वेळ १७८२ च्या मे महिन्यात आली. राजा तिसरा जॉर्ज याने बोलावले. विल्यम दुर्बीण घेऊन लंडनला गेला. ग्रीनिचच्या शाही वेधशाळेतल्या दुर्बिणींशी तुलना झाली, आणि बाथच्या संगीत शिक्षकाने घरी केलेली दुर्बीण सरस ठरली. राजाने देऊ केले : वर्षाला २०० पौंड. काम एवढेच की विंडसरच्या राजवाड्याजवळ राहायचे आणि राजघराण्याला अधूनमधून आकाश दाखवायचे. बाकीचा वेळ त्याचा.

संगीतातून ४०० मिळत होते, इथे २००. वॉटसनना रक्कम कळली तेव्हा एवढ्या स्वस्तात असा मान कुठल्या राजाने विकत घेतला नसेल, असेच त्यांना वाटले. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, हा शहाणपणा इंग्लंडातही होताच. पण विल्यमच्या हिशेबात दुसरा एक आकडा होता, तो तासांचा. इतकी वर्षे आकाशासाठीचा वेळ तो झोपेतून आणि जेवणातून चोरत आला होता. २०० पौंडांत त्याला आयुष्यातल्या सगळ्या रात्री मिळत होत्या. मे महिन्यातच बाथच्या एका चॅपेलमध्ये भावा-बहिणीचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि १ ऑगस्ट १७८२ च्या सुमारास सामान डॅचेट या खेड्यात येऊन पडले. वय त्रेचाळीस.

घर पडके आणि दमट होते, बागेत गवत माजलेले. विल्यमला मात्र आनंद होता : तबेल्यात आरसे घासता येतील, गवताच्या मैदानावर मोठी दुर्बीण उभी राहील. स्वस्ताई आहे, अंडी आणि डुकराचे मांस खाऊन राहू, असे तो हसत म्हणे. बाजारात जाऊन भाव पाहून यायची ती कॅरोलिन. तिला हसू येत नसे. थेम्सकाठच्या गारठ्यात हिवताप होऊ नये म्हणून विल्यम चेहऱ्याला आणि हातांना कच्चा कांदा चोळून रात्रभर उभा राही. पगार पुरेना तेव्हा दुर्बिणी करून विकू लागला. म्हणजे शिकवण्या सोडल्या तरी पोटापाण्याचा जोडधंदा सुटला नाही, फक्त तो आता आकाशाच्या बाजूला आला.

आता कॅरोलिनकडे वळू. बत्तिसाव्या वर्षी तिचा आवाज तयार होता, गायिका म्हणून नाव होत होते, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची आयुष्यातली पहिली संधी हाताशी होती. भावाने पेशा बदलला आणि तिचाही बदलला. तिला कोणी विचारले नाही. डॅचेटच्या उघड्या गवतावर, दव आणि हिम अंगावर घेत एकटीने आकाश चाळायला तिला बसवले, तेव्हा सुरुवातीला ते तिला मुळीच रुचले नाही, हे तिने पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १७८३ च्या ३१ डिसेंबरला, बर्फ पडलेल्या रात्री, धावत जाताना दुर्बिणीच्या चौकटीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला आणि मांस तुटून आले. जखम भरायला आठवडे लागले. तिला काळजी होती ती त्या रात्रीचे निरीक्षण बुडाल्याची. नंतर रात्र ढगाळच राहिली, तेव्हा तिला हायसे वाटले.

तिने हे काम आपलेसे केले. विल्यम दुर्बिणीला डोळा लावून उंचावर, ती खिडकीशी घड्याळ आणि वही घेऊन. तो ओरडून सांगे, ती नोंद करी, सकाळी सगळी गणिते करून स्वच्छ प्रत काढी. गुणाकाराचे पाढे पाठ नसलेली ही बाई कोष्टकाचा कागद जवळ ठेवून हजारो आकडेमोडी करी. १ ऑगस्ट १७८६ रोजी, भाऊ जर्मनीला गेलेला असताना, तिने पहिला धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत असे आठ झाले. १७८७ मध्ये राजाने तिला वर्षाला ५० पौंड वेतन सुरू केले. विज्ञानाच्या कामासाठी राजाकडून वेतन मिळालेली ती इंग्लंडमधली पहिली स्त्री. आपल्या मर्जीने खर्च करता येतील असे हे तिच्या आयुष्यातले पहिले पैसे होते, आणि ती सदतीस वर्षांची होती. १८२८ मध्ये लंडनच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. सत्त्याण्णव वर्षे जगून १८४८ मध्ये ती हॅनोव्हरमध्येच वारली.

शेवट गोड झाला म्हणून मधला हिशेब पुसू नये. १७८८ मध्ये विल्यमने मेरी पिट या श्रीमंत विधवेशी लग्न केले. घराची सूत्रे वहिनीकडे गेली आणि कॅरोलिन बाहेर खोली घेऊन राहू लागली. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांच्या आपल्या वह्या तिने पुढे स्वतःच नष्ट केल्या. त्यांत काय होते याचा अंदाज आपण करू शकतो, तेवढेच.

विल्यमने मिळालेल्या रात्री वाया घालवल्या नाहीत. १७८७ मध्ये त्याला युरेनसचे दोन चंद्र सापडले. वीस फुटी दुर्बिणीने आकाश चाळून त्याने आणि कॅरोलिनने तीन याद्यांत मिळून २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले. १७८६ पासून ते स्लाव या गावी राहू लागले. तिथे राजाने दिलेल्या ४००० पौंडांतून चाळीस फूट लांबीची आणि चार फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण १७८९ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी शनीचे दोन नवे चंद्र त्याने शोधले. खरे तर ही महाकाय दुर्बीण हलवायला अवघड, आरसा लवकर काळवंडणारा. रोजच्या कामाला तो वीस फुटीच वापरत असे. पण ती पाहायला युरोपभरचे लोक येत. १७९२ मध्ये संगीतकार हायडनही येऊन गेले. १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, तापमापी ठेवून त्याने पाहिले तर पारा चढला. हे अवरक्त किरण. आज घरोघरी टीव्हीच्या रिमोटमधून निघतात ते याच जातीचे. १८०३ मध्ये त्याने दाखवले की काही जुळे तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात.

मित्रमैत्रिणींनो, आणि हे वाचणाऱ्या आमच्या गुरुजनांनो, या आयुष्यातून प्रत्येकाने नोकरी सोडावी असा अर्थ मी काढत नाही. वाट बदलून हरवलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, हे आपण जाणतो. मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, बाहेरून उडी दिसली तरी ती नऊ वर्षांची पायवाट होती. १७७३ मध्ये पुस्तक घेतले, १७८२ मध्ये पेशा सोडला, आणि मधल्या काळात शिकवण्या चालूच ठेवल्या. उत्तम चालले होते म्हणूनच हे जमले. आरशाच्या धातूचे पैसे शिकवण्यांतून आले, आणि दहा आरसे बिघडले तरी चूल विझणार नव्हती. घडी विस्कटल्यावर माणूस मिळेल ती वाट धरतो. घडी बसलेली असताना त्याला हवी ती वाट शोधायला सवड असते. ही सवड आज आपल्यापैकी अनेकांकडे आहे.

दुसरी, जुने काही फुकट गेले नाही. सोळा तास एकाच आरशावर हात फिरवण्याची चिकाटी रियाजातून आली होती. रचनांच्या स्वच्छ प्रती काढणाऱ्या कॅरोलिनचा हातच पुढे ताऱ्यांच्या याद्या काढत होता. आपल्या शिक्षकांनी जे अंगी लावले, ते विषय बदलला तरी बरोबर येते.

तिसरी सगळ्यांत जड आहे. चांगले चाललेले आपण सोडतो तेव्हा ते एकट्याचे नसते. विल्यमच्या निर्णयाची अर्धी किंमत कॅरोलिनने मोजली, न विचारता. ती असामान्य निघाली, म्हणून तिचेही सोने झाले. पण बर्मिंगहॅमच्या मंचावर ती कशी गायली असती, हे जगाला कधीच कळले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या मनात नवी वाट आहे, त्यांनी ती धरण्याआधी घरातल्या कॅरोलिनला समोर बसवून विचारावे. आणि जे स्वतःच कोणाच्या तरी बदलात कॅरोलिन झाले, त्यांच्यासाठी या स्मरणिकेतून एकदा उभे राहून टाळ्या वाजवाव्यात.

विल्यम हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाव येथे वारला. त्याच्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालायला ८४ वर्षे लागतात. विल्यमचे ८४ वे वर्ष पुरे व्हायला तीन महिने कमी होते. तो जन्मला तेव्हा ग्रह जिथे होता, तिथे जवळजवळ परत आला होता. त्या एका फेरीतली पहिली अर्धी विल्यमने संगीतात काढली आणि उरलेली अर्धी आकाशात.